बादलीची तालीम

शालूला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हवं झालं, आणि ती बादली निघाली.

तोवर घरात तिच्या 'नको'चा सखोल अभ्यास झालेला होता. कुकरची शिट्टी नको, मानेला टोचणारं लेबल नको, वाढदिवसाच्या टाळ्या नकोत. वाटाणे पोह्यांत नकोत आणि पोह्यांबाहेरही नकोत. अकरा वर्षांची शालू स्वमग्न होती. तोंडाने बोलत नसे, टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवून बोलायची. चित्र दाबलं की टॅबमधली बाई बातम्या दिल्यासारखी तो शब्द उच्चारायची. 'हवं' या सदरात आजवर दहीभात आणि पंखा यांच्यापलीकडे काही गेलं नव्हतं. त्या सकाळी मात्र तिने आईच्या फोनवरच्या व्हिडिओवर बोट आपटलं आणि मग टॅब जवळ ओढला.

"बादली," बाई म्हणाली. "खरी."

रेवतीच्या हातातली पोळी तव्याच्या वर अधांतरी राहिली. "विश्राम, ऐकलंस का? ती मागतेय काहीतरी!"

विश्राम कडलगने ऐकलं होतं. तो सातपूरच्या एका रसायन कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता, आणि कुठलीही आनंदाची बातमी ऐकली की त्याच्या डोळ्यांसमोर आधी तिची आपत्कालीन दारं येत.

"बघू," तो म्हणाला. "तयारीशिवाय नको."

बादली इगतपुरीजवळच्या 'अद्भुतगड' नावाच्या उद्यानात होती. चार मजली लोखंडी सांगाड्यावर खोलीएवढी पिवळी बादली, तिच्यात सतत पडणारं पाणी. ती भरत जाते, कलत जाते, भोंगा वाजतो आणि सगळं पाणी एकदम खाली कोसळतं. खाली उभी असलेली माणसं ओरडतात. मग बादली रिकामी होऊन सरळ होते आणि जणू काही झालंच नाही अशी पुन्हा भरायला लागते. शालूने हा व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला होता, की एकदा फोननेच तिला 'आपण ठीक आहात ना?' असं विचारलं होतं. ती ठीक होती. फोनचं काय, ते माहीत नाही.

पूर्वीचा काळ असता तर आईबापांनी पिशवीत पाण्याची बाटली टाकली असती आणि निघाले असते. आता तसं चालत नव्हतं. वेगळ्या मुलांना कुठल्याही उद्यानाने प्रवेश नाकारायचा नाही असा कायदा झाला होता, आणि उद्यानं तो कसोशीने पाळत. ती कुणालाच नाकारत नसत, फक्त 'तालमी'चा हिरवा निकाल मागत. निकाल तांबडा आला तर विमा कंपनी नाकारायची, आणि विमा कंपनीला तो कायदा लागू नव्हता.

तालीम म्हणजे अशी. मुलाच्या मनगटावर एक पट्टा असतो. तो नाडी, श्वास आणि तळव्याचा घाम मोजतो. घरातले माइक आणि कॅमेरे आवाज, उजेड, माणसांची ये-जा टिपतात. वर्षभराच्या या नोंदींमधून यंत्र शिकत जातं, की अमुक झालं की या मुलाचं शरीर तमुक करतं. शेवटी तयार होते ती मुलाची गणिती प्रतिकृती. लोक तिला 'जुळं' म्हणत. जुळ्याला विचार नसतात, स्वप्नं नसतात, निदान कंपनीच्या माहितीपत्रकात तरी तसं लिहिलेलं होतं. त्याला फक्त दचकणं येतं, पण ते मूळ मुलाइतकंच हुबेहूब.

दुसऱ्या बाजूने उद्यान स्वतःची प्रतिकृती देतं. कुठे किती गर्दी, कुठे तळणाचा वास, कुठल्या पाळण्याचा कोणता खडखडाट. एकाला दुसऱ्यात सोडायचं आणि काय होतं ते पाहायचं. सोबत येणाऱ्या मोठ्यांनीही महिनाभर पट्टे घालायचे असत, कारण मुलाच्या दृष्टीने मोठी माणसं हाही वातावरणाचाच भाग. हवामान खातं वाऱ्याचा अंदाज देतं तसा हा मुलीचा अंदाज. फरक एवढाच, की वाऱ्याला शंभर वेळा झाडावर आपटून पाहिलं तरी कुणाला वाईट वाटत नाही.

शालूच्या मनगटावर पट्टा वर्षापासून होताच. मोठ्यांचा महिना भरल्यावर विश्रामने हे काम जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर करायचं ठरवलं. पडद्यावर अद्भुतगडाचं फाटक आलं. फाटकातून तीन आकृत्या आत शिरल्या, दोन मोठ्या आणि मध्ये एक लहान. लहानीला नुसती बाह्यरेषा होती, चेहरा दिलेला नव्हता. कंपनीत कुणीतरी विचारी माणूस असावा, नाहीतर वकील.

बादलीच्या अलीकडेच लहान आकृती खाली बसली, हात कानांवर गेले आणि पडदा तांबडा झाला. विश्रामने मटकीच्या उसळीत पाव बुडवला आणि पुन्हा सुरू केलं.

त्याने गर्दी कमी केली. तांबडा. कानावर हेडफोन दिले. तांबडा. तळणाचे गाडे बंद केले, वाट बदलली, ऊन उतरवलं, न्याहारी आधी दिली. तांबडा, तांबडा. प्रत्येक वेळी ती रेषांची मुलगी कुठेतरी खाली बसायची आणि पुढेमागे झुलायला लागायची. शेवटी शेवटी तो ती बसली की लगेच थांबवायला लागला, आणि नंतर बसायच्या आधीच नजर पावाकडे वळवायला लागला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "कडलगसाहेब, गेम का?" तो "हं" म्हणाला. त्या 'हं'ची त्याला नंतर बरीच लाज वाटली.

पुढच्या दिवशी त्याने माणसं बदलायला सुरुवात केली. रेवतीला काढलं. तांबडा गडद झाला. रेवतीला परत घेऊन तिच्या भावाला घातलं; हौसेने पट्टा त्यानेही महिनाभर वागवला होता. भूषण हा द्राक्षबागांवर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करायचा, बोलताना हातवारे करायचा आणि हळू आवाज हा प्रकार त्याला तत्त्वतः मान्य नव्हता. तो आला तर पडदा काळाच होईल अशी विश्रामची अपेक्षा होती. पडदा तांबडाच राहिला, किंचित फिकट.

आता एकच उरलं होतं. अपघाताच्या चौकशीत कुठलीही शक्यता वगळायची नाही, चौकशी करणाऱ्याचीसुद्धा नाही, हे तो स्वतः नव्या कामगारांना दर वर्षी शिकवायचा. निव्वळ शिस्त म्हणून त्याने 'वडील' या शब्दापुढचं बटण बंद केलं.

लहान आकृती आई आणि मामाच्या मधून चालत गेली. तळणाच्या गाड्यांवरून, खडखडणाऱ्या पाळण्याजवळून, गर्दीतून. बादलीखाली जाऊन उभी राहिली. भोंगा वाजला. पाणी कोसळलं. पडदा हिरवागार.

त्याने हेडफोन काढून पाहिले. हिरवा. उद्यान खच्चून भरलं. हिरवा. मग गर्दी, गाडे, खडखडाट सगळं बंद करून, रिकाम्या उद्यानात, स्वतःला एकट्याला परत घातलं.

उसळ तशीच राहिली.

*

"सर, यंत्रात दोष नाहीये," मदतकेंद्रातल्या बाई म्हणाल्या. आवाज तरुण होता आणि असल्या फोनांना सरावलेला होता. "तुमच्या घरच्या नोंदी बघतेय मी. मिक्सर लागायच्या आधी तुम्ही सांगता ना तिला?"

"सांगायलाच हवं. थेरपिस्टनी सांगितलंय. या मुलांना अचानक काही झालेलं आवडत नाही."

"बरोबर आहे. एकदा सांगणं चांगलंच. पण तुम्ही कुत्रा भुंकेल म्हणूनही सांगता."

"भुंकू शकतो."

"लाइट जाईल म्हणून सांगता. कुणीतरी बेल वाजवेल म्हणून सांगता. परवा ढग गडगडू शकतात असं सांगितलंय तुम्ही. डिसेंबरात. सर, तिच्या शरीराने एक साधा हिशोब शिकलाय. बाबा जवळ आले आणि खालच्या पट्टीत बोलायला लागले की काहीतरी भयंकर होणार. मग मिक्सर लागो न लागो, नाडी तुमच्या आवाजालाच पळते. खरं तर आवाजाच्याही आधी. तुमची स्वतःची नाडी वाढते ना, ती तुमच्या चालण्यात दिसते. मुलगी तुम्हाला दारातून आत येताना वाचते."

विश्रामने टेबलावरचं मीठ सरळ केलं. मग त्याला एक आशा सुचली. "पण पट्ट्याला धडधडच कळते ना? भीतीने आहे की आनंदाने, ते कसं कळणार? वडील आले म्हणून आनंदानेही..."

"पट्ट्याला नाही कळत. म्हणून तर घरात कॅमेरे." आवाज मऊ झाला, हे जास्त वाईट होतं. "आनंदात मुलं हात कानांवर नेत नाहीत, सर. आणखी काही मदत हवी होती का?"

आणखी मदत नको होती.

संध्याकाळी रेवतीने दारातच विचारलं, "काय झालं?"

"तांबडा," तो म्हणाला. हे खरं होतं. "काही केलं तरी तांबडाच." हे खरं नव्हतं. "सहा महिन्यांनी परत बघू."

त्याला वाटलं होतं खोटं बोलल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. रेवतीने मान हलवली, शालूच्या शेजारी बसली आणि टॅबवर 'बादली', 'नंतर' असं दाबलं. शालूने तिचं बोट बाजूला सारलं. तिने 'बादली' दाबलं आणि 'आज' दाबलं.

ते पुढे रोज सकाळी चालू राहिलं. विश्राम डबा भरत असताना टॅबमधली बाई कुठलाही रोष न धरता म्हणायची, "बादली. आज." तो शक्य तितका लवकर घरातून निघायला लागला. कारखान्यात त्याचं कौतुक झालं.

*

रविवारी भूषण आला. आधी फोन न करता, चपला दाराच्या मधोमध काढत, तोंडाने ड्रोनचा आवाज करत. शालूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती जमिनीवर बसून एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत होती.

"ताई, कोथिंबीर आणलीय. चटणी करतो. दाजी, तुमचा चेहरा असा का? बॉयलर फुटला का कुठे?"

"तिच्यासमोर फुटला वगैरे म्हणू नकोस."

"बरं. बॉयलर दुःखी झाला का?"

रेवती हसली. बऱ्याच दिवसांनी. विश्राम बाल्कनीत कपडे काढायला गेला. आतून भूषणचं बोलणं येत होतं, उद्यानातल्या लोकांच्या नानाची टांग, मागच्या कुंपणावरून नेऊ तिला, मी खांद्यावर घेतो, ताई तू फक्त पळायला तयार राहा. मग काही न सांगता, न विचारता, मिक्सर लागला.

विश्राम हातातले कपडे टाकून आत धावला. स्वयंपाकघराच्या दारात एक क्षण त्याला चित्र दिसलं. मिक्सर घरघरत होता. शालू उठून ओट्यापाशी आली होती. तिचा एक तळवा कानावर होता, दुसऱ्या हाताचं बोट भांड्याच्या झाकणावर होतं आणि आतला हिरवा भोवरा ती नाक लावून बघत होती.

"अरे, सांगितलं नाहीस तिला!" विश्राम ओरडला. "शालू, आवाज आहे हं, आवाज आहे, आता थांबेल, घाबरू नकोस..."

शालू ओट्याखाली गेली. दोन्ही हात कानांवर, गुडघ्यांत डोकं. भूषणने मिक्सर बंद केला. ती बाहेर आली नाही.

"दाजी," भूषण पहिल्यांदाच हळू बोलला, "ती बरी होती की."

विश्राम बाल्कनीत परत गेला. पडलेले कपडे पुन्हा झटकून दोरीवर घातले, ते वाळलेले होते तरी. थोड्या वेळाने रेवती आली आणि त्याच्या हातातला टॉवेल काढून घेऊन तो घडी करायला लागली.

"हिरवा आला होता," तो म्हणाला.

"काय?"

"निकाल. हिरवा आला होता. तू आणि भूषण. मी नसलो की येतो."

रेवतीने टॉवेलची घडी पूर्ण केली. मग तो कठड्यावर ठेवला, आणि घडी मोडून पडला तरी तिकडे पाहिलं नाही.

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात."

"म्हणजे ती रोज उठून मागतेय, रोज, आणि तुला माहीत होतं."

"हो."

"मी तिला नंतर नंतर म्हणत बसले. मला वाटलं तिलाच जमणार नाहीये. तिलाच, विश्राम!" तिचा आवाज चिरकला. "तुला लाज वाटली म्हणून तू तिच्या नावावर टाकलंस."

यावर म्हणण्यासारखं त्याच्याकडे बरंच होतं. तिच्यासाठीच करत होतो, थेरपिस्टनीच सांगितलं होतं, अकरा वर्षं एक रात्र धड झोपलो नाही. सगळं खरं होतं आणि कशाचाच उपयोग नव्हता.

"हो," तो म्हणाला. "बुधवारी घेऊन जा. मी गाडी चालवीन फक्त."

*

बुधवारी गाडीत तो एक अक्षर बोलला नाही. कसाऱ्याकडून येणारे ट्रक, पुढचा बोगदा, वळणावरचा काळोख, प्रत्येकाची सूचना त्याच्या जिभेपर्यंत येऊन परत गेली. बोगदा आला तेव्हा भूषणने "हूऽऽऽ" असा आवाज काढला. मागच्या सीटवर शालूने खिडकीला गाल लावला. बोगदा संपला. कुणालाच काही झालं नाही, विश्रामच्या दाढा सोडल्या तर.

फाटकावर त्याने तिघांना सोडलं आणि गाडी पार्किंगच्या कडेला, भिंतीजवळ लावली. भिंतीपलीकडे पिवळी बादली दिसत होती, फक्त वरचा काठ. रेवतीने त्याला पट्ट्याची थेट नोंद फोनवर दिली होती. "बघत बस," ती म्हणाली होती. तिच्या आवाजात राग होता, दया नव्हती, आणि त्याला ते बरं वाटलं. कॅमेरे उद्यानात नव्हते. फोनवर नुसती नाडी होती, एक हिरवी रेघ, लहान लहान टेकड्या करत जाणारी.

रेघ फाटकातून शांत गेली. पाळण्याजवळ थोडी वर आली आणि आपणहून खाली बसली. विश्राम स्टिअरिंगला टेकला. जमतंय, त्याच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं काहीतरी आलं, जे बापाच्या मनात यायला नको. थोडं बिनसलं असतं, अगदी थोडं, तर बरं झालं असतं.

तेवढ्यात भोंगा वाजला आणि रेघ उसळली.

टेकडीचा डोंगर झाला, डोंगराचा कडा. आकडा तांबडा झाला. भिंतीपलीकडून पाणी कोसळल्याचा धडाका आला, माणसांच्या किंकाळ्या आल्या, आणि त्यांत एक किंकाळी त्याने ओळखली. फोन सीटवर टाकून तो धावत सुटला. मुख्य फाटकावर रांग होती. पण भिंतीच्या टोकाला आपत्कालीन दार होतं, आणि ते नियमाप्रमाणे आतून-बाहेरून उघडं होतं. तशाही अवस्थेत त्याला त्याचं क्षणभर व्यावसायिक समाधान वाटलं. मीच मागितलं होतं हे, पळता पळता तो स्वतःला सांगत होता, मीच मनात आणलं.

ओल्या फरशीवर घसरत तो बादलीसमोर आला.

शालू पाण्यात मधोमध उभी होती. केस तोंडावर चिकटलेले, दोन्ही हात वर, पंजे फडफडत. ती ओरडत होती. डोकं मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, वरच्या रिकाम्या बादलीकडे बघत ती किंचाळत होती, आणि मध्येच श्वास घ्यायला थांबली की तिचं सगळं अंग हसत होतं. भूषण शेजारी तसाच ओरडत होता. रेवती कडेला ओलीचिंब उभी राहून रडत होती. पट्ट्याने बरोबरच सांगितलं होतं. हृदय जोरात धावत होतं. कुठे धावत होतं, एवढंच त्याला माहीत नव्हतं.

मग शालूला तो दिसला.

काही फार झालं नाही. हसू एकदम गेलं नाही, हळूहळू उतरलं, बादली कलावी तसं. वरचे हात खाली आले. खाली येता येता कानांवर थांबले. ती त्याच्याकडे बघत राहिली, आता काय होणार आहे ते ऐकायला तयार होऊन.

रेवतीनेही त्याला पाहिलं.

वर बादली भरत आली होती. कुठल्याही क्षणी भोंगा वाजणार होता. ते तिला सांगायला हवं होतं. विश्रामने ओठ दाबले, पाठ फिरवली आणि आला त्या दाराने बाहेर गेला. भोंगा वाजला तेव्हा तो पार्किंगमध्ये पोचला होता. गाडीत बसला, काच वर केली, आणि सीटवरचा फोन न बघताच पालथा केला.

*

ते आले तेव्हा दुपार उतरली होती. भूषणने भज्यांचा पुडा आणला होता. "दाजी, खा. तुमच्या भाषेत, किरकोळ जोखीम आहे." रेवती पुढे बसली. ओल्या केसांतून तिच्या खांद्यावर पाणी गळत होतं. ती समोर बघत म्हणाली, "तू गेल्यावर तिने बादली अजून दोनदा पाहिली."

त्याने मान हलवली. ती एवढं का सांगतेय हे मात्र त्याला कळलं, आणि तो दिलासा आपल्याला मिळायला नको होता असंही वाटलं.

मागे टॅब सुरू झाला.

"बादली," बाई म्हणाली. "परत."

"जाऊ की," भूषण म्हणाला. "कोण कोण जायचं, सांग."

शालूने माणसांची चित्रं उघडली. आरशात विश्रामला तिचं बोट दिसत होतं. तो आरशात बघत नाहीये असं दाखवत होता.

"आई," बाई म्हणाली. "मामा."

बोट थांबलं. पुढचं चित्र त्याचं होतं, दोन वर्षांपूर्वीचं, कारखान्याच्या हेल्मेटमधलं. बोट त्याच्यावर रेंगाळलं, मग पान उलटलं. भाज्या गेल्या, कपडे गेले, वाहनं आली.

"गाडी," बाई म्हणाली.

भूषणने पुढे झुकून विश्रामच्या खांद्यावर तेलकट हात ठेवला. "ऐकलंत का? गाडी म्हणजे तुम्हीच की, दाजी."

"गाडी म्हणजे गाडी," विश्राम म्हणाला. "उगाच अर्थ काढू नकोस."

आणि त्याने, पुढे खड्डा आहे हे कुणालाही न सांगता, गाडी सुरू केली.